वरातीचा सूत्रधार

खानदेशातील लग्नसराई तुलसीविवाहानंतर सुरू होत असली, तरी तिला खरा भर येतो तो चैत्र-वैशाखात, जेव्हा शेतीची कामे आटोपलेली असतात, काळी जमीन उन्हाने भेगाळलेली असते आणि जळगाव-भुसावळच्या बाजूस पारा 45 अंशांच्या घरात जाऊन बसतो. दिवसभर दारेखिडक्या लावून बसलेले गाव दिवेलागणीच्या सुमारास नवरदेवाच्या मिरवणुकीसाठी रस्त्यावर येते. आणि त्या मिरवणुकीच्या अग्रभागी संथ गतीने सरकणाऱ्या मालमोटारीवर, ध्वनिक्षेपकांच्या उंच भिंतीच्या आडोशाला, विशी-पंचविशीतला एक तरुण उभा असतो. तो गात नाही, कोणते वाद्यही वाजवीत नाही. तरीही वरातीने कधी नाचावे, कधी दमून थांबावे, कोणाची हौस आधी पुरवावी आणि कोणाची नंतर, हे सारे त्याच्या बोटांवर अवलंबून असते. त्याच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा तक्रारअर्जांत आणि पोलिसांच्या पंचनाम्यांत. त्याच्या अंगी असलेल्या विद्येची आणि तो हाताळतो त्या यंत्रसामग्रीची साक्षेपाने ओळख करून घ्यावी, असे मला पुष्कळ दिवस वाटत आले आहे. कारण माझ्या मते ती खरोखरीची विद्या आहे, आणि जो गोंगाट तिच्या नावावर जमा होतो त्याचा बराचसा भाग तिच्या खात्यातला नाही.

मिरवणुकीस वाद्य हवे हा शिरस्ता या प्रांती फार जुना. सनई-संबळ आणि डफ ही मैदानी मुलखाची वाद्ये. सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर-चोपड्याच्या उत्तरेस, आदिवासी पाड्यांतून ढोल आणि पावरी यांचे राज्य. पुढे इंग्रजी अमदानीत लष्करी छावण्यांतून पितळी वाद्यांचा बँड नागरी समारंभांत उतरला आणि खानदेशाने त्याला जो आश्रय दिला तो आजतागायत टिकून आहे. हातगाडीवर ध्वनिक्षेपक, त्यावर कीबोर्ड, मागे क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवाल्यांची रांग, पुढे माइक हाती धरलेला गायक, असा येथील बँडचा थाट आजही दृष्टीस पडतो. या वाजंत्र्यांच्या परंपरेला समांतर असा दुसरा एक प्रवाह मात्र निराळ्याच उगमातून आला. तो उगम म्हणजे ध्वनिमुद्रिका.

एमिल बर्लिनर याने 1887 मध्ये सपाट तबकडीवर ध्वनी कोरण्याची युक्ती सिद्धीस नेली, आणि ज्या चपड्याच्या लाखेपासून मिनिटास 78 फेऱ्या घेणाऱ्या त्या तबकड्या घडत, ती लाख मुख्यत्वे हिंदुस्थानातूनच जगभर रवाना होत असे. कलकत्त्यास तबकड्या तयार करण्याचा कारखाना 1908 मध्येच निघाला होता. परंतु तबकडी हे श्रीमंतांच्या दिवाणखान्यातले चैनीचे साधन न राहता गावकीचे झाले, ते विजेवर किंवा मोटारीच्या बॅटरीवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमुळे. दिल्लीच्या अहुजा कंपनीने 1940 पासून अशी यंत्रे देशातच घडविण्यास आरंभ केला, आणि पुढील काही दशकांत लिंबाच्या फांदीला बांधलेला पत्र्याचा कर्णा, मांडवाच्या कोपऱ्यातले टेबल, त्यावर फिरते तबक आणि शेजारी तबकड्यांची पेटी ही कोणत्याही लग्नाची ठराविक सामग्री होऊन बसली. त्या टेबलामागे बसणारा लाउडस्पीकरवाला हा आजच्या तरुणाचा खरा पूर्वज होय. एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे. ते संपताच सुई उचलायची, तबकडी बदलायची, तोवर मांडवात शांतता. हळदीच्या सकाळी कोणते गाणे शोभते आणि मुलीच्या पाठवणीस कोणते, हे त्याला कोणी शिकविलेले नसे. पण चुकीचे गाणे लागले तर घरातली वडीलधारी मंडळी त्याला तिथल्या तिथे सुनावीत, आणि त्या शाळेत तो तयार होई.

‘डिस्क जॉकी’ ही संज्ञा त्या वेळी अमेरिकेत रूढ होऊ लागली होती. वॉल्टर विंचेल या वृत्तपत्रलेखकाने 1935 मध्ये मार्टिन ब्लॉक या नभोवाणी-निवेदकास उद्देशून ती प्रथम योजली असे सांगतात. नभोवाणीवरील या गृहस्थांचे काम गाणी निवडणे, त्यांचा क्रम लावणे आणि दोन गाण्यांमधील पोकळी आपल्या बोलण्याने भरून काढणे एवढे असे. आपल्याकडे हे काम ज्यांनी कळसास नेले ते अमीन सयानी. 1952 मध्ये रेडिओ सिलोनवरून सुरू झालेल्या बिनाका गीतमालेने खानदेशातल्या कापूस बाजारातल्या हमालापासून प्रताप मिलच्या कामगारापर्यंत सर्वांना बुधवारच्या रात्रीची ओढ लावली होती. नभोवाणीचा निवेदक शब्दांनी गाणी जोडी. वरातीतल्या माणसाला ती शब्दांवाचून जोडावी लागतात, आणि तेथेच त्याच्या विद्येला प्रारंभ होतो.

गाणे संपून दुसरे सुरू होईपर्यंतच्या शांततेत नाचणारा माणूस भानावर येतो. त्याला तहान आठवते, लाज आठवते, घर आठवते. म्हणून नाच अखंड चालावा अशी इच्छा असेल तर शांतता पडताच कामा नये, आणि ती पडू द्यायची नसेल तर फिरती तबके एकाऐवजी दोन हवीत. एकावरचे गाणे लोक ऐकत असताना दुसऱ्यावरचे गाणे चालकाने केवळ आपल्या कानावरच्या हेडफोनमध्ये ऐकून तयार ठेवायचे, आणि योग्य क्षणी पहिल्याचा आवाज उतरवीत दुसऱ्याचा चढवीत न्यायचा. हे काम ज्या पेटीत होते तिला मिक्सर म्हणतात. परंतु दोन गाण्यांची लय निरनिराळी असेल तर एवढ्याने भागत नाही. एका गाण्यात मिनिटास 124 ठोके आणि दुसऱ्यात 125, इतका किंचित फरक धरला, तरी बरोबर जुळवून सोडलेली ती दोन गाणी अर्ध्या मिनिटात अर्ध्या ठोक्याने एकमेकांपासून ढळतात आणि ऐकणाऱ्याला पाय कोठे टाकावा हे कळेनासे होते. म्हणून तबकाची गती सूक्ष्म प्रमाणात कमी-अधिक करता आली पाहिजे, आणि एकदा ठरविलेली गती ढळता कामा नये.

ही दुहेरी गरज भागविणारे यंत्र जपानमधील मात्सुशिता कंपनीने 1972 मध्ये ‘टेक्निक्स एसएल-1200’ या नावाने बाजारात आणले. त्यापूर्वीची बहुतेक तबके रबरी पट्ट्याने किंवा चाकाने फिरत. पट्टा सैल पडे, हाताने तबक अडविले तर पुन्हा वेग घेण्यास वेळ लागे. या यंत्रात मोटारीचा आस हाच तबकाचा आस, त्यामुळे हात लावून थांबविले तरी सोडताक्षणी ते पूर्ववत फिरू लागते. 1979 च्या सुधारित आवृत्तीत स्फटिकाच्या कंपनांवरून गतीचे नियंत्रण आले, आणि उजव्या कडेस एक सरकती दांडी बसली, जिच्या योगे गती शेकडा 8 पर्यंत वाढविता किंवा घटविता येते. कंपनीने ते घरगुती संगीतश्रवणासाठी बनविले होते; त्याची खरी कीर्ती झाली ती न्यूयॉर्कमधील गरीब वस्त्यांच्या हातून. 1973 च्या ऑगस्टमध्ये ब्राँक्स भागातल्या एका समारंभात क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ कूल हर्क या मूळच्या जमैकन तरुणाने पाहिले, की गाण्यातील गायन थांबून केवळ तालवाद्ये उरतात त्या अल्प तुकड्यात लोक सर्वांत जोमाने नाचतात. तेव्हा एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तोच तुकडा तो आलटून पालटून वाजवू लागला. पुढे हिप-हॉप म्हणून जगभर पसरलेल्या संगीताचे मूळ या निरीक्षणात आहे. त्यासाठी कोणते वाद्य शिकावे लागले नव्हते. नाचणाऱ्यांच्या पायांकडे लक्ष द्यावे लागले होते.

कूल हर्क जमैकाचा होता ही गोष्ट खानदेशच्या दृष्टीने मला विशेष महत्त्वाची वाटते. जमैकातील किंग्स्टन शहरात 1950 च्या सुमारास, ज्यांना वाद्यवृंद परवडत नसे अशा लोकांसाठी, प्रचंड ध्वनिक्षेपक मालमोटारीवर लादून चौकाचौकांतून नाच भरविण्याची चाल पडली. ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड हे त्या धंद्यातले दोन मातब्बर प्रतिस्पर्धी होते, आणि ज्याचा आवाज मोठा व ज्याच्यापाशी इतरांकडे नसलेली तबकडी त्याच्याकडे गर्दी, असा रोकडा व्यवहार होता. धुळ्याच्या आग्रा रोडवरून गणेश विसर्जनाच्या रात्री सरकणाऱ्या गाडीचे नाते युरोपातल्या बंदिस्त नृत्यगृहापेक्षा या किंग्स्टनच्या गाडीशी अधिक जवळचे आहे. उघडा रस्ता, चालती गर्दी, शेजारच्या मंडळाशी ईर्षा आणि बेताचा पैसा, या चार गोष्टी जेथे एकत्र आल्या तेथे जगाच्या दोन टोकांना एकाच जातीची व्यवस्था निपजली. म्हणूनच आपल्याकडे ‘डीजे सांगितला’ असे कोणी म्हणते तेव्हा त्यात माणूस, यंत्रे, गाडी, जनरेटर आणि दिवे असा सारा सरंजाम दरोबस्त अभिप्रेत असतो, आणि यंत्रामागच्या माणसाला बहुधा ऑपरेटर म्हणतात.

आजच्या ऑपरेटरपुढे तबकड्या नसतात. मध्यंतरी सीडीची यंत्रे आली. पायोनियर कंपनीच्या 2001 च्या यंत्राने सीडीलाही तबकडीप्रमाणे हाताने मागेपुढे करण्याची सोय दिली. त्यानंतर संगणकाने सारीच गाणी पोटात घेतली. आता पुढ्यात एक लॅपटॉप आणि त्याला जोडलेला कंट्रोलर असतो. कंट्रोलरच्या दोन्ही अंगांस एक एक गोल चकती, मध्ये मिक्सरच्या उभ्या दांड्या, सर्वांत खाली दोन गाण्यांमधील आडवी दांडी, आणि वर उच्च, मध्यम व मंद्र स्वर निरनिराळे कमी-जास्त करण्याच्या गुंड्या. तबकडीच्या काळात गती वाढविली की स्वरही चढे. गती शेकडा 6 ने वाढविली तर गाणे जवळजवळ अर्ध्या स्वराने, म्हणजे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराने, वर जाई आणि गायिकेचा आवाज पातळ होई. संगणक गती आणि स्वर यांची फारकत करू शकतो. इतकेच नव्हे, तर ‘सिंक’ असे लिहिलेली कळ दाबताच तो दोन गाण्यांची लय आपण होऊन जुळवितो. मग माणसासाठी काय उरले, असा प्रश्न येथे सहज उद्भवतो.

त्याचे उत्तर मला गिरणाकाठच्या एका गावी, वरातीच्या गाडीवर ऑपरेटरच्या शेजारी उभे राहण्याची संधी मिळाली तेव्हा मिळाले. त्या तरुणाची नजर पडद्यावर क्वचितच होती. हेडफोनचे एकच दल कानावर, दुसरा कान उघडा. डावा हात चकतीवर टेकलेला. आणि डोळे गर्दीवर. नवरदेवाच्या मित्रांचा घोळका गाडीच्या अगदी पुढ्यात बेभान नाचत होता, पण त्याच्या मागे बायकांची रांग ताटकळली होती आणि तिच्यातील काही जणी पदर सावरीत मांडवाच्या दिशेने पाहू लागल्या होत्या. हे पाहताच त्याने चालू गाण्यातील मंद्र स्वराची गुंडी सावकाश उतरवीत आणली. ठोका नाहीसा झाला, नुसता वरचा झणत्कार उरला. मित्रमंडळींचे हात खाली आले. आणि त्याच ठोक्यावर त्याने एका अहिराणी गाण्याची सुरुवात आत सोडून क्षणार्धाने तळचा दणका परत आणला. बायकांची रांग पुढे सरकली, पोरे आपोआप कडेला झाली. कोणी कोणाला सांगितले नाही, कोणाचा अपमान झाला नाही. थोड्या वेळाने एक वृद्ध गृहस्थ गाडीजवळ येऊन, “भाऊ, आम्हनं बी एक गानं लाव ना,” असे म्हणाले, तेव्हा त्याने मान डोलावली. गाणे लगेच लावले नाही, परंतु मांडव दिसू लागल्यावर, जेव्हा सारी वडील मंडळी पुढे येतात, तेव्हा न विसरता लावले. लय जुळविणे हे आता यंत्राचे काम झाले आहे. माणसे जुळविण्याची कळ कोणत्याही कंट्रोलरवर नाही.

या निवडीमागे स्थळकाळाचे जे ज्ञान लागते ते त्या त्या मुलखाचेच असावे लागते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाईची स्थापना होते आणि सोमवारी तिला मिरवीत नदीवर नेतात. त्या मिरवणुकीत पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी गायिलेल्या गीतांच्या चाली आता नव्या ठेक्यावर बसवून वाजविल्या जातात, आणि ज्याला मूळ चाल ठाऊक नाही त्याला त्यांचा क्रम लावता येणार नाही. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गौराईची गाणी निराळी, 14 एप्रिलच्या मिरवणुकीतील भीमगीतांचा आवेश निराळा, सातपुड्याकडच्या लग्नातील सलग तासन्‌तास चालणाऱ्या फेरनृत्याची लय निराळी. अहिराणी गाण्यांचा तर गेल्या काही वर्षांत नवा बहर आला आहे. पूर्वी कॅसेटवर गावोगाव फिरणारी ही गाणी यूट्यूबमुळे खानदेशाच्या सीमा ओलांडून गेली. ‘केसावर फुगे’ किंवा ‘हाई झुमका वाली पोर’ यांसारख्या गाण्यांवर ज्यांना अहिराणीचे अक्षर कळत नाही अशी मुंबई-पुण्याची वरातही नाचली. शाळेत, कचेरीत आणि छापील पुस्तकांत जिला फार थोडी जागा मिळाली त्या बोलीला रस्त्यावरच्या गाडीने एवढी मोठी बैठक मिळवून दिली, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनी अवश्य लक्षात घ्यावी. नवे गाणे यशस्वी झाले की नाही याचा पहिला निवाडा अनेकदा या ऑपरेटरांच्या समोरच होतो, कारण पाय उचलले जातात की नाही हे त्यांना पहिल्या काही ठोक्यांतच दिसते.

आता गाडीच्या मागील बाजूस, म्हणजे या विद्येच्या जड सामग्रीकडे वळू. मिक्सरमधून निघालेला विद्युत्-संकेत फार दुबळा असतो. तो प्रथम क्रॉसओव्हर नावाच्या यंत्रात जातो, जेथे त्याची वाटणी होते: साधारणपणे सेकंदास शंभर-सव्वाशे कंपनांच्या खालचा मंद्र भाग एकीकडे, मधला दुसरीकडे आणि वरचा तीक्ष्ण भाग तिसरीकडे. प्रत्येक वाट्याला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर, आणि प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरपुढे त्या त्या कामाचे ध्वनिक्षेपक. ज्यांना हे लोक ‘बेस’ म्हणतात त्या पेट्यांत 18 इंची शंकू असतात. ‘टॉप’मध्ये त्याहून लहान शंकू आणि कर्ण्याच्या आकाराचे तोंड असलेला उच्चस्वरी भाग. ही वाटणी करावी लागते, कारण सेकंदास 50 कंपनांची ध्वनिलहर सुमारे 7 मीटर लांब, तर 5,000 कंपनांची जेमतेम 7 सेंटिमीटर. इतक्या भिन्न लहरी एकाच शंकूकडून नीट उमटत नाहीत. लांब लहरीचा आणखी एक गुण असा, की ती भिंतीच्या कडांना वळसा घालून पलीकडे जाते आणि बारीक लहर अडली तरी ती अडत नाही. त्यामुळेच दोन गल्ल्या पलीकडच्या घरात गाण्याचे शब्द पोहोचत नाहीत, पण ठोका पोहोचतो आणि खिडकीच्या काचा थरथरतात.

वैशाखातील उष्मा या साऱ्या व्यवस्थेची कसोटी पाहतो. ध्वनिक्षेपकाला पुरविलेल्या विजेचा फार थोडा अंश ध्वनीत रूपांतरित होतो. उरलेल्या सगळ्याची उष्णता होते, आणि ती शंकूच्या मुळाशी असलेल्या तांब्याच्या वेटोळ्यात साठते. तांबे तापले की त्याचा विद्युत्-रोध वाढतो, म्हणून तितकीच वीज देऊनही आवाज हळूहळू उतरतो. कच्चा ऑपरेटर अशा वेळी गुंडी आणखी पुढे करतो, वेटोळे आणखी तापते, आणि अखेर ते जळते. दुसरीकडे अ‍ॅम्प्लिफायरकडे त्याच्या कुवतीपेक्षा अधिक मागणी झाली, की तो लहरीचे माथे छाटू लागतो. ‘साउंड फाटला’ असे म्हणतात तो हाच प्रकार. आणि फाटलेल्या आवाजात मुळात नसलेले तीक्ष्ण स्वर निर्माण होऊन नाजूक उच्चस्वरी भाग प्रथम बळी पडतो. जाणता ऑपरेटर कान देऊन हे ओळखतो, आवाज वाढविण्याऐवजी किंचित उतरवितो, पंख्याचे तोंड अ‍ॅम्प्लिफायरच्या कपाटाकडे वळवितो आणि जनरेटरवरचा भार पाहतो. गाडीच्या माथ्यावर बसविलेल्या दिव्यांची उंची रस्त्यावरच्या वीजतारांना लागू नये यासाठी एक जण केवळ वर पाहत चालतो. हे काम दुय्यम समजले जाते, पण एक क्षणाची हयगय प्राणघातक ठरू शकते.

मोठ्या आवाजाच्या प्रश्नाविषयी माझे मत मी उघड सांगतो. मर्यादेबाहेरचा आवाज हा अपायच आहे, आणि त्याचे समर्थन कोणत्याही हौसेच्या नावाने होऊ शकत नाही. केंद्र सरकारच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे; रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या भोवतालचा किमान 100 मीटरांचा परिसर शांतता-क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो; ध्वनिक्षेपकास लेखी परवाना लागतो, आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात उघड्यावर तो बंद ठेवावा लागतो, वर्षातील फार तर 15 दिवस राज्य सरकारला ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढविता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये या नियमांची अंमलबजावणी कसोशीने करण्याचे हुकूम दिले. कायद्यात उणीव नाही. उणीव आहे ती डेसिबल म्हणजे काय याच्या सार्वत्रिक अज्ञानाची, आणि त्या अज्ञानावरच गाडीमालकांमधील सारी चुरस उभी आहे.

डेसिबलचा हिशोब बेरजेचा नसून गुणाकाराचा आहे. चार पेट्यांच्या जागी आठ केल्या तर आवाज दुप्पट होत नाही. तो केवळ 3 डेसिबलने वाढतो, आणि एवढी वाढ सामान्य कानाला जेमतेम जाणवते. माणसाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यासाठी सुमारे 10 डेसिबलची वाढ लागते, म्हणजे दहापट शक्ती लागते. शेजारच्या गाडीपेक्षा आपली गाडी सरस ठरावी म्हणून जो मालक कर्ज काढून पेट्यांची संख्या दुप्पट करतो, त्याच्या पदरात ऐकणाऱ्याच्या दृष्टीने जवळजवळ काहीच पडत नाही. पडतो तो व्याजाचा, डिझेलचा आणि जप्तीच्या भीतीचा बोजा. कानाच्या बाबतीत मात्र तेच 3 डेसिबल भारी पडतात. ध्वनीच्या अपायाविषयी शास्त्रज्ञांनी घातलेला बहुमान्य दंडक असा, की 85 डेसिबलचा आवाज दिवसाकाठी 8 तास सोसवेल, आणि त्यापुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते; 100 डेसिबलला ती अवघ्या 15 मिनिटांवर येते. अंतःकर्णातील ज्या सूक्ष्म केसल पेशी ध्वनीचे मेंदूला कळणाऱ्या संवेदनेत रूपांतर करतात, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आणि गाडीच्या सर्वांत निकट, सर्वांत अधिक काळ, हंगामभर रोज उभा राहणारा कोण? तो ऑपरेटरच. त्याच्या वयाच्या चाळिशीत त्याला नातवंडाचे बोबडे बोल नीट ऐकू येणार नसतील, तर त्याचे दायित्व कोणावर, याचा विचार भाडे ठरविणाऱ्यांनीही करावयास हवा. दिव्यांच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. 2023 च्या गणेशोत्सवात लेझरच्या किरणांनी डोळ्यांच्या पडद्यास इजा झालेले रुग्ण कोल्हापूर-पुण्याकडे नेत्रतज्ज्ञांपुढे आले होते.

बँडवाल्यांची हरकतही येथे नोंदविली पाहिजे. एका बँडमध्ये वीस-पंचवीस माणसांचा चरितार्थ चालतो, गाडीवर चार-पाच जणांचा. आणि एका रस्त्यावर दोघे समोरासमोर आले तर माणसाच्या फुप्फुसातून निघालेला सूर जनरेटरपुढे टिकत नाही. ही तक्रार रास्त आहे. परंतु आता अनेक विवाहांत बँड मांडवापाशी आणि गाडी रस्त्यावर अशी वाटणी होऊ लागली आहे, आणि टाळी लागण्याच्या, म्हणजे लग्न लागण्याच्या, घटकेस तर दोन्ही बंद राहून भटजींचा आवाज तेवढा ऐकू येतो. ही वाटणी यजमानांनी आधीच ठरवून घेतली तर दोघांचाही मान राहतो.

मोठ्या आवाजावरचा उपाय यंत्रातच आहे, आणि तो महागही नाही. लिमिटर नावाची योजना बऱ्याच क्रॉसओव्हरमध्ये अंगचीच असते. ठराविक पातळीच्या वर संकेत जाऊ लागला की ती त्याला तेथेच थोपविते, मग ऑपरेटरने किंवा नवरदेवाच्या मेहुण्याने गुंडी कितीही पुढे केली तरी आवाज वाढत नाही. वजनमापे खात्याने व्यापाऱ्याचा काटा तपासून त्यावर मोहोर उठवावी, हा शिरस्ता आपल्या अंगवळणी पडलेला आहे. तशीच परवान्याच्या वेळी गाडीची ध्वनिमापकाने तपासणी करून लिमिटर मोहोरबंद करण्याची तजवीज झाली, तर रस्त्यावर रात्री दहानंतर होणारी हुज्जत दुपारीच, कचेरीत, दोन माणसांसमोर संपेल. पेट्यांची तोंडे रुंद पसरविण्याऐवजी गर्दीकडे किंचित खाली झुकवावीत, मंद्र पेट्या घरांच्या भिंतींपासून दूर ठेवाव्यात, हेही जाणत्या ऑपरेटरांना ठाऊक असते. त्यांना ते करू देणारा मालक आणि तसे सांगणारा यजमान हवा. गिरणाकाठच्या त्या तरुणाने बायकांची रांग पुढे आणली ती आवाज वाढवून नव्हे. त्याने ठोका क्षणभर काढून घेतला होता.